फुटाणा कुठे थांबतो

“मग पहिली गाठ मारली कोणी, उस्ता? एवढं तरी सांगा.”

अँथीने हे विचारलं तेव्हा मी दारात जोडे काढत होतो.

हुर्शित उस्तांनी खिशात हात घातला, मूठभर फुटाणे काढले, त्यांतले चार माझ्या हातावर ठेवले. म्हणजे ये, बस, आणि मधे बोलू नकोस.

मी बसलो.

तुर्कस्तानात उस्तादाला उस्ता म्हणतात. हुर्शित उस्ता त्या गावातले गालिच्यांचे शेवटचे मोठे उस्ता. गाव समुद्रापासून आत, डोंगराच्या कुशीत. पूर्वी जिथे फकिरांचा मठ होता तिथेच त्यांचा माग. लोक त्यांच्याकडे गाठ शिकायला यायचे, आणि भावकीतलं भांडण मिटवायलाही यायचे. बहुतेकांना ते फुटाणे देत.

मी नगरच्या कापडबाजारातला माणूस. शाळा लवकर सुटली, पुढचं शिक्षण गिऱ्हाइकांनी केलं. गालिचे घ्यायला वर्षातून दोनदा त्या गावी जायचो. बाजारापुरती तुर्की येत होती. ऐकायला तेवढी पुरते.

अँथी समुद्रापलीकडच्या ग्रीक बेटावरून आलेली. तिची पणजी याच गावची. ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी आपापली माणसं बदलून घेतली त्या वर्षी पणजीला इथून उठवून तिकडे पाठवलं. मागावर अर्धा विणलेला गालिचा होता, तो तसाच राहिला. ती गोष्ट आजीने अँथीला सांगितली आणि अँथीने बॅग भरली. उस्ता होऊनच परत येईन म्हणाली.

तिच्या शेजारी बसायची नर्मिन. तुर्की, याच गावातली. तिचं घराणंही त्या अदलाबदलीतच आलेलं, पण उलट्या दिशेने, क्रीट बेटावरून.

दोघींना मिळून एक मोठा गालिचा विणायचा होता. एक माग, एक फळी, शेजारीशेजारी दोघी. तीच परीक्षा.

परीक्षेचा नियम साधा. गालिचा पुरा झाला की मागावरून कापायचा आणि अंगणातल्या फरशीवर पसरायचा. चारही कोपरे फरशीला टेकले, तर हुर्शित उस्ता त्या मुलींच्या नावापुढे ‘उस्ता’ लावून हाक मारणार. एक कोपरा जरी वर राहिला, तर दोघींनी घरी जायचं. पुन्हा यायचं नाही.

गालिचा कितीही सुंदर असो, जमिनीवर नीट बसला नाही तर तो अडखळायला लावतो. हे मला दुकानात बसून कळलेलं. त्यांच्याकडे तो नियमच होता.

आणखी एक नियम होता. रोज सकाळी दोघींनी जागा बदलायची. काल डावीकडे होती ती आज उजवीकडे. का, ते कोणी विचारलं नव्हतं. अंगण झाडतात तसं ते व्हायचं.

त्या दिवशी ते झालं नव्हतं.

“सांगा ना उस्ता,” अँथी पुन्हा म्हणाली. “ही म्हणते गाठ यांची आहे.”

“आहेच,” नर्मिन म्हणाली.

मग जे चाललं ते मी निम्मं ऐकलं, निम्मं दोघींच्या हातवाऱ्यांवरून ओळखलं. नर्मिनचं म्हणणं, गाठ गवताळ प्रदेशातून तंबूंबरोबर आली, तुर्की बायका घोड्याच्या पाठीवर ती घेऊन आल्या, आणि जगभरचे व्यापारी त्या गाठीला तुर्की गाठ म्हणतात. इथे तिने माझ्याकडे बोट केलं. मी मान हलवली, कारण म्हणतातच. अँथीचं म्हणणं, तंबू यायच्या कितीतरी आधी या डोंगरांत ग्रीक बायका मागावर बसलेल्या होत्या, मेंढ्या त्यांच्या, रंगाची झाडं त्यांची. व्यापाऱ्यांना काय, जो विकेल त्याचं नाव. इथे तिनेही माझ्याकडे बोट केलं. मी तेव्हाही मान हलवली.

“तुमच्या बायका मडक्यांवर चित्रं काढायच्या,” नर्मिन म्हणाली. “गाठी आम्ही आणल्या.”

“आणल्या असतील. पण अंथरायला जमीन आम्ही दिली.”

“दिली कुठे? आम्ही घेतली.”

…

उस्ता फुटाणा चावत होते.

अँथी उठली. लोकरीच्या ढिगातून एक लाल धागा घेतला आणि ताण्याच्या, म्हणजे मागावर उभ्या ताणलेल्या दोऱ्यांपैकी, बरोबर मधल्या दोरीला बांधला.

“याच्या अलीकडचं ग्रीक, पलीकडचं तुर्की. आजपासून जागा बदलायची नाही. ती तिच्या बाजूला, मी माझ्या. मग गालिचाच सांगेल.”

नर्मिन म्हणाली, चालेल.

मला वाटलं, आता उस्ता रागावणार. घरातला नियम शिष्य मोडतो म्हणजे काय.

“बरं,” उस्ता म्हणाले.

एवढंच.

मला राहवलं नाही. बाहेर चहा पिताना मी त्यांना आमच्या बाजारातल्या दोन भावांची गोष्ट सांगितली. कापडाचं दुकान, वडील गेले, भांडण लागलं. दुकानाच्या मधोमध खडूची रेघ मारली. दार धाकट्याच्या वाट्याला आलं, दिव्याचं बटण थोरल्याच्या. दिवे लागायचे थोरल्याची मर्जी असेल तेव्हा, आणि गिऱ्हाईक आत यायचं धाकट्याची मर्जी असेल तेव्हा.

उस्ता पोट धरून हसले.

“गिऱ्हाईक कुठे गेलं?”

“शेजारच्या दुकानात.”

“शेजारचं ते दुकान कोणाचं?”

“आमचं.”

ते आणखी हसले. पण मुलींना काही बोलले नाहीत.

मी किनाऱ्याकडच्या शहरात माल बघायला गेलो. परतलो तोवर द्राक्षांचा हंगाम सरत आला होता. गावात शिरताना घराघरांच्या छपरांवर बेदाणे वाळत होते.

मठात शिरलो, तर दोघी आपापल्या जागी, अँथी डावीकडे, नर्मिन उजवीकडे. बोलणं नाही. फक्त पंज्यांचा आवाज. पंजा म्हणजे लोखंडी दात्यांची जड फणी. गाठींची एक ओळ झाली की तिच्यावरून आडवा धागा, म्हणजे बाणा, घालतात आणि पंजाने ठोकून बसवतात.

आवाजावरूनच हात कळत होते. अँथीचा हात घट्ट. गाठ अशी ओढायची की दोरा रडावा, आणि पंजा असा हाणायची की खिडकीची काच वाजावी. नर्मिनचा हात हलका. पंजा टेकवायची, बाळाला थोपटतात तसा.

गालिच्याच्या मधोमध एक मोठा तारा यायचा होता. खालचा निम्मा झाला होता. मी तो बघितला आणि दारातच थांबलो.

ताऱ्याचा डावा पाय आखूड होता. उजवा लांब.

ओळी दोघींच्या सारख्याच. एक बाणा या काठापासून त्या काठापर्यंत जातो, त्यामुळे एकीची ओळ पुढे जाऊ शकत नाही. पण अँथीच्या ओळी ठोकूनठोकून दबल्या होत्या, नर्मिनच्या फुगून वर आल्या होत्या. गालिचा लंगडत होता. असा गालिचा कापल्यावर कधी सपाट पडत नाही. मी व्यापारी, मला दारातून दिसलं. त्या दोघी नाकासमोर बसलेल्या, त्यांना दिसत नव्हतं. दोघी फक्त आपापला अर्धा भाग बघत होत्या.

मी उस्तांकडे पाहिलं. त्यांना दिसत होतं. केव्हापासून, कोण जाणे.

ते उठले. कोपऱ्यातून वेळूची एक लांब कांडी आणली, मधोमध उभी चिरलेली, पन्हळीसारखी. विणलेल्या भागाच्या वरच्या कडेवर, ताण्याच्या दोऱ्यांना टेकवून, ती या काठापासून त्या काठापर्यंत आडवी ठेवली.

“अँथी, गालिचा कोणाकडून आला, ते हवं होतं ना तुला?”

“हो उस्ता.”

त्यांनी खिशातले फुटाणे तळहातावर पसरले, त्यांतला अगदी गोल असलेला शोधला आणि तिच्या हातात दिला.

“मधोमध ठेव. लाल धाग्यापाशी.”

तिने ठेवला.

फुटाणा क्षणभर थांबला. मग डावीकडे घरंगळत गेला आणि अँथीच्या मांडीवर पडला.

अँथीचा चेहरा उजळला. नर्मिनकडे बघून तिने मान उडवली. “बघ. माझ्याकडे आला.”

उस्तांनी दुसरा दिला.

तोही तिच्याच मांडीवर.

“पुन्हा माझ्याकडेच.”

उस्तांनी तिसरा दिला.

तिने तो चिमटीत धरला, पन्हळीपर्यंत नेला… आणि हात तिथेच थांबला. ती पन्हळीकडे बघत राहिली. मग ताऱ्याकडे. मग तिने हात खाली घेतला आणि विणलेल्या कडेवरून बोटं फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिच्या भागातून नर्मिनच्या भागात तिची बोटं पहिल्यांदाच जात होती.

“उतार आहे,” ती म्हणाली.

नर्मिनला हसू फुटलं. पण ते ओठांवर यायच्या आत विरून गेलं. कोपरा उचलला तर घरी एकटी अँथी जाणार नव्हती.

…

अँथीने बाण्याचा गुंडा उचलला. तिला उपाय माहीत होता, मलाही माहीत होता. दबलेल्या बाजूला जास्तीचा बाणा भरायचा, की कड वर येते. हलक्या मालात सगळे करतात. वरून कळत नाही. वापरात आलं की दोन वर्षांनी तिथे सुरकुती पडते.

उस्तांनी तिच्या गुंड्यावर हात ठेवला.

“मग उसवते,” ती म्हणाली. “माझी बाजू उसवते.”

“एका बाजूची ओळ कशी उसवशील?”

तिने गुंडा खाली ठेवला. बाणा दोघींच्या भागांतून गेलेला.

“मग हात सैल करते.”

“करून बघ.”

तिने हात सैल करून चारपाच गाठी मारल्या. उस्तांनी त्यांतली एक दोन बोटांत धरून ओढली. गाठ त्यांच्या हातात आली. नर्मिनच्या गाठी हलक्या होत्या, पण अशा निघत नव्हत्या. या कोणाच्याच नव्हत्या.

अँथीच्या डोळ्यांत पाणी आलं. “माझा हात बदलत नाही, उस्ता.”

“बदल म्हणून सांगितलं कोणी?”

…

“ऊठ,” ते म्हणाले.

त्या घरात शिकाऊ मुलीला ‘ऊठ’ म्हणणं म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक होतं. अँथी उठली. पुढ्यातला ॲप्रन सोडला, घडी केली, फळीवर ठेवला. आजीला काय सांगायचं, ते बहुधा ती मनात जुळवत होती. नर्मिन तिचं मनगट धरून बसली होती. केव्हा धरलं, ते तिलाही कळलं नसेल.

उस्तांनी उजव्या टोकाकडे बोट केलं.

“तिकडे बस. तिच्या जागेवर. आणि हाण. हाणतेस तसंच हाण.”

मग नर्मिनला म्हणाले, “तू हिच्या जागेवर. थोपट.”

 अँथीने वाकून मधल्या दोरीवरचा लाल धागा सोडला, चुरगळून खिशात टाकला आणि नर्मिनच्या जागेवर जाऊन बसली. पहिलाच पंजा तिने असा हाणला की माझ्या हातातला चहा हिंदकळला.

मी नगरला परतलो. दुकानात गिऱ्हाईक गालिच्याचा कोपरा उलटून बघायचं आणि मला तो मठ आठवायचा. माझं त्यात काही अडकलेलं नव्हतं. तरी गालिचे पसरताना मी आधी चारही कोपरे बघायला लागलो होतो. नोकर आपसांत हसायचे.

वसंतात उस्तांचा निरोप आला. कापायचा आहे, ये.

गेलो तर सगळी गल्ली मठात. मागावरून गालिचा कापणं म्हणजे तिकडे जवळजवळ बारसंच. अँथीची आजी देस्पिना बोटीने समुद्र ओलांडून, पुढे बसने, काठी टेकत आलेली. नर्मिनची आजी मुनिरे चांगला रुमाल बांधून पुढच्या रांगेत बसलेली. दोघी एकमेकींकडे बघत होत्या आणि बघत नव्हत्या.

मी नर्मिनला हळूच विचारलं, भांडण मिटलं का. ती म्हणाली, छे, रोज होतं. फक्त कडेचा उतार गेल्यापासून दोघी पुन्हा रोज जागा बदलत होत्या, त्यामुळे काल कुठल्या टोकाकडून कोण भांडत होतं, तेच आठवत नव्हतं.

उस्तांनी वेळूची कांडी आणली. कडेवर ठेवली. तळहातावर फुटाणे पसरले आणि गोल दाणा निवडला. निवडायला त्यांनी इतका वेळ घेतला की कोणीतरी खाकरलं.

त्यांनी तो मधोमध ठेवला.

फुटाणा थांबला.

बाहेर कोणीतरी फाटक आपटलं. माग हलला. फुटाणा थरथरला… आणि तिथेच राहिला.

अँथीने डोळे मिटून घेतले होते. नर्मिनने तिला कोपराने ढोसलं.

“कापा,” उस्ता म्हणाले.

दोघींनी दोन टोकांकडून कात्र्या लावल्या. दोऱ्या तुटतानाचा आवाज पावसाच्या थेंबांसारखा. मधोमध दोन्ही कात्र्या एकमेकींना लागल्या तशी टाळी पडली. उस्तांनी हात वर केला. टाळी थांबली. अजून काही झालं नव्हतं.

गालिचा अंगणात नेऊन फरशीवर पसरला. तारा आता पुरा दिसत होता. खाली डावा पाय आखूड, वर उजवा हात आखूड. वाकडा तारा नव्हता तो. वळता वळता थांबलेल्या नाचणाऱ्या माणसासारखा दिसत होता. मी आयुष्यात हजारो सरळ तारे विकले, असा एकही नाही.

वरचे दोन कोपरे टेकले.

खालचा उजवा टेकला.

खालचा डावा बोटभर वर होता.

 देस्पिना आजी पुढे झाली, पाय ठेवून दाबावा तशी. उस्तांनी मान हलवली. ती मागे सरकली.

अँथी त्या कोपऱ्याकडे बघत होती. तो तिने विणलेला होता, भांडणाच्या दिवसांतला. संबंध हिवाळा तो मागाच्या खालच्या तुळईला गुंडाळलेला होता. वाक तुळईचा होता की विणीचा, ते वाट बघितल्याशिवाय कळणार नव्हतं. हे उस्तांना ठाऊक, मला ठाऊक, आणि दोघी मुलींनाही ठाऊक. 

ऊन फरशीवर सरकत सरकत त्या कोपऱ्यावर आलं. लोकर तापली. उस्ता भिंतीला टेकून बसले, जसं काही चाललंच नाही.

…

कोपरा हळूहळू खाली आला.

मी जमिनीला गाल लावून बघितलं. कपडे धुळीने भरले, हरकत नाही. कोपरा आणि फरशी यांच्यात कागदही गेला नसता.

मी मान वर केली. काही बोलायची गरज पडली नाही, माझं तोंडच सांगत असावं.

उस्तांनी भिंतीला टेकूनच हाक मारली.

“नर्मिन उस्ता, चहा आण.”

…

“अँथी उस्ता, तू साखर आण.”

मग जो गलका झाला तो अजून माझ्या कानात आहे. बायकांनी जीभ हलवून आरोळ्या ठोकल्या, कोणीतरी मूठभर खडीसाखर उधळली, गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. अँथी आणि नर्मिन एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि तशाच स्वयंपाकघराकडे पळाल्या, कारण चहा खरंच आणायचा होता.

दोन्ही आज्यांनी जोडे काढले आणि गालिच्यावर आल्या. देस्पिना आजी तुर्कीत बोलायला लागली, तिच्या आईची घरची भाषा तीच होती. मुनिरे आजीने क्रीटवरून आलेल्या आपल्या आईच्या ग्रीकमध्ये उत्तर दिलं. दोघी थबकल्या. मग दोघींनी तोंडावर हात धरला, आणि पुढचं मला ऐकू आलं नाही.

अँथी साखर घेऊन आली तेव्हा आजीने तिला विचारलं, यातला तुझा भाग कुठला.

“हा खालचा डावीकडचा,” अँथी म्हणाली. “आणि तो वरचा उजवीकडचा. आणि हा मधला…” ती वाकली, बोटं फिरवली, पुन्हा फिरवली. “नर्मिन, अगं हा तुझा का?”

“मला काय माहीत,” नर्मिन म्हणाली. “सरक, चहा सांडेल.”

मी मात्र व्यापारी. आनंद पुरा व्हायच्या आत माझं डोकं दुकानात पोचतं. हा गालिचा मला हवा होता. उस्ता आता गालिच्यावर, ताऱ्याच्या मधोमध येऊन बसले होते, लगबगीने मी त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, उस्ता, हा मी नगरला नेतो, दुकानात दर्शनी भागात लावतो. पण तिथे प्रत्येक गालिच्यावर चिठ्ठी लागते, कुठला ते लिहावं लागतं.

“काय लिहू? ग्रीक की तुर्की?”

 दोघी मुली चहाचे पेले हातात धरून थांबल्या. दोघी आज्यांनीही माना वळवल्या. वर्षभर ज्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नव्हतं, तोच हा प्रश्न होता, आणि या वेळी विचारणारा बाहेरचा होता.

उस्तांनी मुठीतून एक फुटाणा काढला. पन्हळीवर थांबलेला तोच, गोल. तोंडात टाकला, सावकाश चावला.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही, खाली.

“व्यापारी, आधी जोडे काढ.”